‘ताई, तिथे नाइटला किती जणी असतात?’ : नोकरीची पसंती मोजायची कशी?

संशोधनाचा विषय शोधताना आपण बहुतेक वेळा आधी एखादी थिअरी किंवा तयार स्केल शोधतो आणि मग ते कुठे लावता येईल ते बघत बसतो. आज उलट्या बाजूने जाऊ. एक रोजचा प्रश्न घेऊ: नर्सिंग पूर्ण केलेली मुलगी दोन-तीन हॉस्पिटलांमधून एक निवडते, तेव्हा ती नेमकी कशाची तुलना करते? आणि ती तुलना आपल्याला मोजता येईल का?

जागा ठरवून घेऊ: पुणे जिल्ह्यातले बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके. परिसर आवाक्यातला आहे आणि नर्सिंगच्या नोकरीचे जवळजवळ सगळे प्रकार इथे सापडतात. शिवाय प्रश्न नुसता अभ्यासाचा नाही. हॉस्पिटल चालवणारे म्हणतात, ‘नर्स टिकत नाहीत.’ नर्स म्हणतात, ‘पगार परवडत नाही, नाइट झेपत नाही.’ दोघांचंही खरं असू शकतं. पण नेमकं काय बदललं तर नर्स टिकतील हे कुणी नीट मोजलं नाही, तर उपाय अंदाजानेच होतो. आणि अंदाज चुकला की त्याची किंमत रात्री वॉर्डात झोपलेला पेशंट मोजतो. हे शेवटचं वाक्य भावनेच्या भरात लिहिलेलं नाही. त्यामागे आकडे आहेत, ते पुढे येतील.

आधी नोकऱ्या नीट बघू

बारामतीत पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ते २०१९ साली सुरू झालं. इंदापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे. दोन्ही तालुक्यांत ग्रामीण रुग्णालयं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत. आणि खासगीत डॉक्टर नवरा-बायकोने चालवलेल्या पंधरा-वीस खाटांच्या हॉस्पिटलपासून आयसीयू असलेल्या मल्टिस्पेशालिटीपर्यंत सगळं आहे.

आता समजा, निमगाव केतकीची एक मुलगी जीएनएम करून, महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करून नोकरी शोधते आहे. (ही काल्पनिक आहे, पण हिसाब खरा आहे.) तिच्यासमोर तीन तऱ्हेच्या नोकऱ्या असतात.

पहिली, कायमची सरकारी. शासनाच्या भाषेत ‘अधिपरिचारिका’. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू, वर महागाई भत्ता आणि घरभाडे. पण जाहिरात निघायला हवी, परीक्षा पास व्हायला हवी, आणि नेमणूक कुठे मिळेल ते आपल्या हातात नाही.

दुसरी, कंत्राटी. राष्ट्रीय आरोग्य अभियानासारख्या योजनेत ठरावीक मानधन. इमारत सरकारी, काम तेच, पण करार संपला की पुन्हा नूतनीकरणाची वाट बघायची.

तिसरी, खासगी. इथे पगाराचा पट्टा फार मोठा. जानेवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला खासगी हॉस्पिटलमधल्या नर्सच्या पगाराबद्दल समिती नेमायला सांगितलं होतं. त्या समितीची शिफारस अशी: २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर पगार सरकारी नर्सइतका, १०० पेक्षा जास्त असतील तर सरकारीपेक्षा फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्के कमी, आणि ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी निदान २०,००० रुपये. पण शिफारस म्हणजे कायदा नव्हे. ती लागू करण्याचं काम राज्यांकडे गेलं. त्यामुळे लहान हॉस्पिटलमध्ये मुलाखतीला बसलेल्या मुलीला हा आकडा माहीत असला, तरी तिच्या हातात तो मागण्याचं साधन फारसं नसतं.

इथेच पहिला धडा घ्या. ‘पगार’ हा एकच व्हेरिएबल आहे असं धरून तुम्ही प्रश्नावली लिहायला बसलात, तर चुकलात. रक्कम वेगळी, ती किती दिवस मिळत राहील याची खात्री वेगळी, ती कितव्या तारखेला हातात पडते हे वेगळं.

तिचे प्रश्न जसेच्या तसे लिहून घ्या

नोकरी बघणारी मुलगी जाहिरात वाचते, पण विश्वास ठेवते तो आधीच्या बॅचच्या ताईवर. त्या फोनवर काय विचारलं जातं ते कोणत्याही नोकरी करणाऱ्या सिस्टरला विचारून बघा. साधारण असे प्रश्न निघतील:

- ताई, तिथे नाइटला किती जणी असतात? आणि पेशंट किती?
- रात्री डॉक्टर हॉस्पिटलमध्ये थांबतात, की फोनवर ऑर्डर देतात?
- पगार कितव्या तारखेला होतो? खात्यावर की हातात? पीएफ कापतात तो भरतात का?
- मूळ कागदपत्रं जमा करून घेतात का?
- मावशी-मामा आहेत ना, की सगळं आपल्यालाच बघावं लागतं?
- वीकली ऑफ ठरलेला असतो का? समोरची आली नाही तर डबल ड्युटी लावतात का?
- कपडे बदलायला वेगळी खोली आहे का? राहायची सोय?
- इव्हिनिंग सुटल्यावर घरी कसं जायचं?
- इनचार्ज सिस्टर कशा आहेत?
- आयसीयूचा अनुभव मिळेल का? सोडताना अनुभवाचा दाखला देतात का?

यातला एखादा प्रश्न किरकोळ वाटत असेल तर थांबा. उदाहरणार्थ, कपडे बदलायच्या खोलीचा. नोव्हेंबर १९७३ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग ड्युटी संपवून तळघरात कपडे बदलायला गेल्या असताना तिथल्याच एका सफाई कामगाराने त्यांच्यावर हल्ला केला. त्यानंतर २०१५ मध्ये निधन होईपर्यंत त्या त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. नर्सच्या प्रश्नांमध्ये ‘किरकोळ’ काय ते संशोधकाने घरी बसून ठरवायचं नसतं.

आता वाङ्मय बघू: जग काय म्हणतं?

अमेरिकेत १९८० च्या सुमारास नर्सचा मोठा तुटवडा होता. पण काही हॉस्पिटलं अशी होती की तिथे नर्स स्वतःहून येत आणि टिकत. अमेरिकन अकॅडमी ऑफ नर्सिंगने अशी ४१ हॉस्पिटलं शोधून त्यांच्यात समान काय आहे ते १९८३ मध्ये प्रसिद्ध केलं. लोहचुंबकासारखी नर्सना ओढून घेतात म्हणून त्यांना ‘मॅग्नेट हॉस्पिटल’ म्हणू लागले. या कामातून पुढे १९८९ मध्ये ‘नर्सिंग वर्क इंडेक्स’ ही ६५ विधानांची प्रश्नावली आली. तिच्यातून आयलीन लेक यांनी २००२ मध्ये ३१ विधानांचं आटोपशीर स्केल बनवलं. आज जगभर नर्सच्या कामाचं वातावरण मोजायला हेच सर्रास वापरतात. त्याचे पाच भाग आहेत: हॉस्पिटलच्या कारभारात नर्सचा सहभाग, शुश्रूषेच्या दर्जाचा पाया, वरिष्ठ नर्सचं नेतृत्व आणि पाठबळ, मनुष्यबळ आणि साधनं पुरेशी असणं, आणि नर्स-डॉक्टर संबंध.

आता वरच्या यादीशी जुळवून बघा. ‘नाइटला किती जणी’ हा प्रश्न मनुष्यबळात बसतो. ‘इनचार्ज सिस्टर कशा आहेत’ हा नेतृत्वात बसतो. म्हणजे निमगावच्या मुलीने आणि पेनसिल्व्हेनियातल्या प्राध्यापकांनी एकच गोष्ट ओळखली आहे.

त्याच वर्षी, २००२ मध्ये, लिंडा एकन आणि सहकाऱ्यांचा एक निबंध आला. पेनसिल्व्हेनियातली १६८ हॉस्पिटलं, १०,१८४ नर्स आणि शस्त्रक्रिया झालेले २,३२,३४२ पेशंट. निष्कर्ष असा: एका नर्सच्या वाट्याला सरासरी एक पेशंट वाढला, की ३० दिवसांच्या आत पेशंट दगावण्याचे ‘ऑड्स’ ७ टक्क्यांनी वाढतात. नर्सच्या बाजूने, कामाने पिळून निघण्याचे ऑड्स २३ टक्क्यांनी आणि नोकरीबद्दल असमाधानाचे १५ टक्क्यांनी वाढतात.

या आकड्यांबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा, व्हायव्हात विचारतात. एक, चार पेशंट वाढले तर ७ गुणिले ४ म्हणजे २८ टक्के होत नाहीत. ऑड्स गुणाकाराने वाढतात: १.०७ चा चौथा घात, म्हणजे सुमारे १.३१. चारऐवजी आठ पेशंट असतील तर वाढ ३१ टक्के. दोन, हा एका वेळचा पाहणी-अभ्यास आहे. लेखकांनी पेशंटचं वय, आजार, हॉस्पिटलचा आकार वगैरेंचा हिशोब धरला आहे, तरी ‘नर्स वाढवल्या म्हणून मृत्यू घटले’ असं थेट सिद्ध करणारा हा प्रयोग नव्हे.

एवढं मात्र कळतं: ‘नाइटला किती जणी’ असं विचारणारी मुलगी नुसती आपली सोय बघत नसते. ती न जाणता पेशंटच्या सुरक्षिततेचा भरपूर अभ्यासलेला निर्देशक विचारत असते. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण साध्या वॉर्डसाठी अध्यापन रुग्णालयात ३ पेशंटमागे १ नर्स आणि इतरत्र ५ मागे १ असं आहे. ते शेजारी ठेवलं की तिला ताईकडून आलेल्या उत्तराचं वजन कळतं.

पण आता उरलेले प्रश्न बघा. पगाराची तारीख, पीएफ, मूळ कागदपत्रं, इव्हिनिंगनंतरचा प्रवास. यातलं काहीच त्या ३१ विधानांत नाही. पगारसुद्धा नाही. ही स्केलची चूक नाही. ते जिथे जन्मलं तिथे पगार वेळेवर होणं हा प्रश्नच नव्हता. प्रत्येक स्केल आपल्या जन्मगावाची काही गृहीतकं सोबत घेऊन येतं. तुम्ही ते मराठीत आणलंत, क्रोनबाख अल्फा ०.८५ आला, तरी त्याने न विचारलेला प्रश्न न विचारलेलाच राहतो. विश्वसनीयता म्हणजे वैधता नव्हे, हे पुस्तकात वाचतो ते इथे दिसतं.

‘किती महत्त्वाचं?’ असं विचारून भागेल का?

मग सोपा मार्ग सुचतो. यादीतली प्रत्येक गोष्ट लिहायची आणि समोर १ ते ५ गुण ठेवायचे. पगार किती महत्त्वाचा? सुरक्षितता किती महत्त्वाची?

काय होईल सांगा बरं. सगळीकडे ५. आणि का होऊ नये? पगार महत्त्वाचा आहेच, सुरक्षितताही आहेच, इनचार्जही बरी हवीच. फुकट मिळत असेल तर सगळंच हवं असतं. सरासरी ४.६, ४.७, ४.५ अशी येणार आणि आपण त्यातून ‘पहिला क्रमांक सुरक्षिततेचा’ असा निष्कर्ष काढणार. ०.१ च्या फरकावर प्रबंधाचं प्रकरण उभं राहणार.

खऱ्या आयुष्यात तिला सगळं मिळत नाही. चार हजार जास्त हवे असतील तर रात्री एकटीने वीस पेशंट बघावे लागतात. घराजवळ हवं असेल तर आयसीयूचा अनुभव सोडावा लागतो. पसंती कळते ती एक सोडून दुसरं घ्यावं लागतं तेव्हा. म्हणून मोजायची असेल तर सोडाय-घ्यायची वेळ आणावी लागते.

पत्ते मांडून निवड: डिस्क्रीट चॉइस एक्सपेरिमेंट

केल्विन लँकेस्टर या अर्थशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये एक कल्पना मांडली: माणूस वस्तू निवडतो म्हणजे त्या वस्तूतल्या गुणांचा गठ्ठा निवडतो. डॅनियल मॅकफॅडन यांनी अशा निवडींचं विश्लेषण करण्याची संख्याशास्त्रीय पद्धत विकसित केली. त्याबद्दल त्यांना २००० साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं (त्या वर्षी ते जेम्स हेकमन यांच्याबरोबर विभागून दिलं गेलं). या दोन्हींवर उभी असलेली पद्धत म्हणजे ‘डिस्क्रीट चॉइस एक्सपेरिमेंट’. आरोग्य कर्मचारी ग्रामीण भागात कशाने येतील-टिकतील हे शोधायला ती बरीच वापरली जाते. जागतिक आरोग्य संघटना, जागतिक बँक आणि यूएसएड यांनी २०१२ मध्ये या कामासाठी मार्गदर्शिकाच काढली. भारतात उत्तराखंड आणि आंध्र प्रदेशात डॉक्टर आणि नर्स यांच्यावर असा अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. मिळवून वाचा, पद्धतीचं प्रकरण कसं लिहितात ते कळेल.

आपल्या उदाहरणावर करून बघू. यादीतून पाच गुण घेतले:

१. पगार: १२,००० / १६,००० / २०,०००
२. नाइटला एका नर्समागे पेशंट: ६ / १२ / २०
३. रात्री डॉक्टर: हॉस्पिटलमध्ये / फोनवर
४. सोय: काही नाही / राहायला खोली / ने-आण करणारी गाडी
५. नेमणूक: कायम / ११ महिन्यांचा करार

यातून ३ × ३ × २ × ३ × २ म्हणजे १०८ वेगवेगळ्या नोकऱ्या तयार होतात. दोन-दोनच्या जोड्या लावल्या तर ५,७७८. एवढ्या कुणाला दाखवणार? म्हणून संख्याशास्त्रीय डिझाइन वापरून त्यातल्या बारा-सोळा जोड्या अशा निवडतात की प्रत्येक गुणाचा परिणाम वेगळा काढता येईल. मग नर्ससमोर एकेक जोडी ठेवायची:

नोकरी अ: १६,००० रुपये, नाइटला १२ पेशंट, डॉक्टर फोनवर, गाडीची सोय, कायम.
नोकरी ब: २०,००० रुपये, नाइटला २० पेशंट, डॉक्टर हॉस्पिटलमध्ये, सोय काही नाही, ११ महिन्यांचा करार.

तुम्ही कोणती घ्याल? की दोन्ही नको, आहे तिथेच बरी? हा तिसरा पर्याय ठेवायला विसरू नका. खऱ्या आयुष्यात तो असतोच.

सगळ्यांच्या निवडी गोळा झाल्या की लॉजिट मॉडेल लावून प्रत्येक गुणाचं वजन काढतात. पुढचे आकडे मी फक्त गणित दाखवायला घेतले आहेत, कुठल्याही सर्वेक्षणातले नाहीत. समजा वजनं अशी आली: पगारात दर हजार रुपयांना ०.१५, वाढलेल्या प्रत्येक पेशंटला उणे ०.०६, डॉक्टर हॉस्पिटलमध्ये असण्याला ०.४५, गाडीला ०.७५, कायम नेमणुकीला ०.६०.

अ ची बेरीज: २.४० − ०.७२ + ०.७५ + ०.६० = ३.०३.
ब ची बेरीज: ३.०० − १.२० + ०.४५ = २.२५.

फरक ०.७८. लॉजिटच्या सूत्रात घातला की, या दोनमधूनच निवडायचं असेल तर, अ निवडण्याची शक्यता सुमारे ०.६९ येते. म्हणजे चार हजार कमी असूनही शंभरातल्या साधारण ६९ जणी अ घेतील.

आणखी एक गंमत. गाडीचं वजन पगाराच्या वजनाने भागा: ०.७५ भागिले ०.१५ म्हणजे ५. म्हणजे गाडी ही महिना पाच हजार रुपयांच्या पगारवाढीइतकी मोलाची. एक जादा पेशंट ०.०६ भागिले ०.१५, म्हणजे चारशे रुपयांचा. आता ‘नर्स टिकत नाहीत’ म्हणणाऱ्या डॉक्टरांसमोर तुम्ही कागद ठेवू शकता: सगळ्यांचा पगार पाच हजारांनी वाढवणं आणि रात्रीची गाडी लावणं, यात स्वस्त काय पडेल ते तुम्हीच बघा. १ ते ५ गुणांच्या प्रश्नावलीतून हा कागद कधीच निघाला नसता.

पण कागदावरचं गाव आणि खरं गाव

पद्धत आवडली म्हणून लगेच पळू नका. या दोन तालुक्यांत प्रत्यक्ष उतरायचं म्हटलं तर निदान सहा गोष्टींचा विचार करावा लागेल.

एक, नर्स कोण? लहान हॉस्पिटलमध्ये पांढरे किंवा निळे कपडे घातलेली प्रत्येक मुलगी पेशंटसाठी ‘सिस्टर’च असते. पण त्यात कुणी बीएस्सी, कुणी जीएनएम, कुणी एएनएम, कुणी हाताखाली शिकलेली. प्रत्येकीसमोरचे पर्याय वेगळे. व्याख्या आधी ठरवा, नाहीतर सरासरी कुणाचीच नसेल.

दोन, कोण सुटलं? तुम्ही हॉस्पिटलमध्ये जाऊन सर्वेक्षण केलंत तर भेटतात त्या टिकलेल्या नर्स. कंटाळून पुण्याला गेलेल्या, लग्नानंतर सोडलेल्या, घरी बसून सरकारी भरतीची तयारी करणाऱ्या कुठे आहेत? ‘का टिकत नाहीत’ याचं उत्तर तर त्यांच्याकडे आहे. त्यांच्यापर्यंत नर्सिंग कॉलेजच्या जुन्या बॅचेसमधून पोहोचता येईल.

तीन, कुणासमोर विचारता? मेट्रनच्या केबिनमध्ये बसवून फॉर्म भरून घेतलात तर ‘इनचार्ज कशा आहेत’ याचं उत्तर छान येणार. एथिक्स कमिटीची मंजुरी घ्या, हॉस्पिटलचं नाव फॉर्मवर नको, आणि भेट हॉस्पिटलबाहेर, तिच्या वेळेला.

चार, केव्हा विचारता? बारामतीहून इंदापूर सुमारे ५० किलोमीटर. उसाच्या हंगामात याच रस्त्यांवर रात्री ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते. पावसाळ्यातला प्रवास आणखी वेगळा. आषाढीच्या आधी संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते तेव्हा आरोग्य यंत्रणेवर कामाचा ताण असतो. ‘रात्रीचा प्रवास’ या गुणाला जानेवारीत मिळणारं वजन आणि मेमध्ये मिळणारं वजन सारखं असेलच असं नाही. सगळी माहिती एकाच पंधरवड्यात गोळा केलीत तर तसं स्पष्ट लिहा.

पाच, निवड कुणाची? अनेक घरांत नाइट करायची की नाही हे तिच्या एकटीच्या हातात नसतं. आई-वडील, नवरा, सासूबाई यांचं मत असतं. पत्त्यावर तिने नाइटवाली नोकरी निवडली आणि घरी गेल्यावर नाही म्हणावं लागलं, तर तुमचं मॉडेल चुकलं असं नाही, पण ते अर्धंच आहे. पसंती आणि मर्यादा या दोन गोष्टी वेगळ्या विचारा. तसंच सरासरीवर थांबू नका. बारामती शहरात राहणारीला गाडीचं मोल शून्य असेल आणि निमगाववालीला सगळ्यात जास्त. असे गट वेगळे काढायला लेटंट क्लास मॉडेल असतं.

सहा, पत्त्यावर सगळं लिहिलेलं असतं, नोकरीत नसतं. फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये एक फरक दाखवला होता: काही गुण घेण्याआधी तपासता येतात, काही घेतल्यावरच कळतात. पगाराचा आकडा आधी कळतो. तो वेळेवर होतो का, ऑफ खरंच मिळतो का, इनचार्ज कशी वागते हे रुजू झाल्यावर कळतं. म्हणून तर ताईला फोन लागतो. तुमचा प्रयोग ‘माहिती पूर्ण असती तर तिने काय निवडलं असतं’ हे सांगतो. ‘अपुऱ्या माहितीवर ती काय निवडते’ हे सांगायला मुलाखतीच लागतात.

कशाची किंमत काढायची नाही

शेवटचा मुद्दा पद्धतीच्या पुस्तकांत सहसा नसतो, पण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. समजा तुम्ही सहावा गुण घातलात: ‘मूळ प्रमाणपत्रं जमा करावी लागतात: हो / नाही’. मॉडेल इमानेइतबारे उत्तर देईल: दोन हजार रुपये जास्त दिले तर नर्स प्रमाणपत्रं जमा करायला तयार होतात. हे वाक्य तुमच्या प्रबंधात छापलं गेलं की वाचणारा काय उचलेल? जी गोष्ट मुळात मागायलाच नको, तिचा तुम्ही भाव ठरवून दिलात.

दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवीच. पीएफ लागू असेल तिथे तो भरायलाच हवा. नर्स-पेशंट प्रमाणालाही ठरलेले मानदंड आहेत. अशा गोष्टी ‘पसंती’ म्हणून पत्त्यावर आल्या की किमान हक्क आणि सोयी एकाच तराजूत पडतात. म्हणून गुण निवडतानाच दोन याद्या करा. एक, ज्यांची देवाणघेवाण होऊ शकते: पगार, अंतर, खोली, वॉर्ड की आयसीयू. दुसरी, ज्या असायलाच हव्यात. दुसऱ्या यादीसाठी चॉइस एक्सपेरिमेंट नको, साधी मोजणी करा: किती ठिकाणी आहेत, किती ठिकाणी नाहीत. माझ्या उदाहरणात मी नाइटला २० पेशंट ही पातळी ठेवली आहे. ती ठेवावी का, यावर तुमच्या गाइडशी वाद घाला. ‘वास्तवात तसं आहे म्हणून ठेवावी’ आणि ‘ठेवली की आपण ते मान्य केल्यासारखं होतं’ या दोन्ही बाजूंना दम आहे.

तुमचा विषय नर्सिंग नसेलही. शिक्षक शाळा कशी निवडतात, दूध उत्पादक डेअरी कशी निवडतात, विद्यार्थी अभ्यासिका कशी निवडतात, सगळीकडे हाच क्रम चालेल. आधी पाच-सहा जणांना भेटा आणि एकच विचारा: मागच्या वेळी निवडलं तेव्हा तुम्ही कुणाला फोन केला आणि काय विचारलं? उत्तरं त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा. मग स्केल शोधा, त्यात काय बसतं आणि काय बाहेर राहतं त्याचा तक्ता करा. बाहेर राहिलेला रकाना हाच बहुतेक वेळा तुमच्या संशोधनाचा विषय असतो. सिनॉप्सिसमध्ये ‘संशोधनातील त्रुटी’ या मथळ्याखाली काय लिहायचं असा प्रश्न पडतो ना, ते तिथे लिहायचं.